मशीन नेमके कधी बंद पडते? वॉशिंग मशीनमधील विजेच्या दोषांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली पाचही पत्रे वॉशिंग मशीनमधल्या विजेच्या तक्रारींची आहेत. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक अट मात्र सर्वांनी पाळावी. मशीनचा मागचा किंवा वरचा पत्रा उघडण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नसते. प्लग सॉकेटमधून काढून तो स्वतःच्या डोळ्यांसमोर राहील असा ठेवावा. खाली सांगितलेली मापने वीजपुरवठा तोडूनच घ्यायची आहेत. जिथे पुरवठा चालू ठेवून तपासावे लागते तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि ते काम वायरमनचे आहे.

प्रश्न १. आमचे मशीन पुढून कपडे घालण्याचे, पूर्ण स्वयंचलित आहे. त्याला सात वर्षे झाली. गेल्या महिन्यापासून धुणे सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांनी मुख्य स्विच पडतो आणि सगळ्या घराची वीज जाते. स्विच वर केला की राहतो, पण मशीन पुन्हा लावले की तेवढ्याच वेळाने पुन्हा पडतो. एका मेकॅनिकने मोटर गेली असे सांगितले, दुसऱ्याने घराचे वायरिंग जुने झाले आहे असे. कोणाचे खरे मानावे?

उत्तर. तूर्त दोघांचेही नको. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती ‘दहा-बारा मिनिटांनी’ ही आहे आणि दोन्ही मेकॅनिकनी नेमकी तीच ऐकून सोडून दिलेली दिसते. वॉशिंग मशीन आपले सगळे भाग एकदम वापरत नाही. आधी दार बंद करते, मग पाणी घेते, ड्रम फिरवते, पाणी तापवते, ते उपसून टाकते आणि शेवटी कपडे पिळते. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यावर प्रकट होतो हे कळले, की तो कोणत्या भागात आहे याचा अंदाज पत्रा न उघडताही बांधता येतो.

पण त्याआधी, पडणारा स्विच कोणता हे पाहा. वीजपेटीतल्या ज्या स्विचवर ‘टी’ हे इंग्रजी अक्षर असलेले छोटे बटण असते, ती आरसीसीबी. पुष्कळ घरांत तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. ती फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करत असते. जेवढा गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे काही प्रवाह वाट सोडून जमिनीत गेला, असा तिचा अर्थ असतो आणि ती पुरवठा तोडते. घरगुती आरसीसीबीची मर्यादा बहुधा ३० मिलिअँपिअर असते आणि प्रत्यक्षात ती १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान केव्हाही पडू शकते. एमसीबीला, म्हणजे पेटीतल्या बाकीच्या साध्या स्विचला, या गळतीशी काही देणेघेणे नसते. तिला कळते ते फक्त प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला एवढेच. सगळ्या घराची वीज जाते असे तुम्ही लिहिता, त्यावरून पडते आहे ती आरसीसीबी असणार. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये शॉर्ट सर्किट शोधायचे नसून गळती शोधायची आहे, आणि या दोन शोधांच्या वाटा वेगळ्या आहेत.

आता वेळेकडे येऊ. प्लग लावून भिंतीवरचे बटण बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल, किंवा मशीन बंद असून फ्रिज सुरू होताच ती पडत असेल, तर मशीनमधला न्यूट्रल कुठेतरी अंगाला म्हणजे अर्थला टेकलेला असतो, कारण भिंतीवरचे साधे बटण फक्त फेज तोडते आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. हा दोष लोकांना भुताटकीसारखा वाटतो. बटण दाबताक्षणी ती पडत असेल तर मुख्य केबल किंवा मशीनच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर पाहावा. पाणी आत येऊ लागताच पडत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह किंवा त्याच्यावर ठिबकणारे पाणी, उपसा सुरू होताच पडत असेल तर ड्रेन पंप, आणि पिळताना पडत असेल तर मोटर किंवा हादऱ्यांनी घासलेली वायर. पाणी भरून काही मिनिटे झाल्यावर ज्या भागाची पाळी येते तो म्हणजे हीटर. तुमचा दोष तिथे असण्याची शक्यता इतकी मोठी आहे, की मी बाकी कशालाही हात लावण्यापूर्वी तोच तपासेन.

खात्री करायला अवजार लागत नाही. एकदा थंड पाण्याचा, ज्यात पाणी मुळीच तापवले जात नाही असा, कार्यक्रम निवडून पूर्ण धुणे होऊ द्या. मशीन पिळण्यापर्यंत बिनतक्रार गेले, तर मोटर आणि वायरिंग हे दोन्ही आरोपी तिथेच निर्दोष सुटतात. मोटर तर त्या संपूर्ण वेळात शेकडो वेळा फिरून थांबलेली असते.

‘पण आमचे पाणी तर व्यवस्थित तापते, मग हीटर खराब कसा?’ असा प्रश्न तुम्हाला पडेल. हीटरची रचना पाहिली की हा विरोधाभास राहत नाही. बाहेरून दिसणारी पोलादी नळी ही फक्त आवरण असते. तिच्या मधोमध नायक्रोमच्या तारेची बारीक गुंडाळी असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, पण ती ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे क्षार बसून नळीला केसाएवढी चीर गेली, किंवा टोकाचे सील सैल झाले, की ओल भुकटीत शिरते आणि तिथून थोडी थोडी वीज नळीत झिरपू लागते. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो; आरसीसीबी पाडायला लागणारे ०.०३ अँपिअर म्हणजे त्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढी गळती पाण्याच्या तापण्यावरून कोणालाही कळणार नाही.

याच कारणाने साधा मल्टिमीटर इथे अर्धवटच साक्ष देतो. हीटरच्या दोन टोकांमधला रोध मोजला तर २,००० वॅटच्या हीटरला २६ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा (व्होल्टचा वर्ग भागिले वॅट), आणि तुमच्या हीटरचा तो बहुधा येईलही, कारण तार तुटलेली नाही. खरे मोजायचे आहे ते टोक आणि नळी यांच्यामधले. मल्टिमीटर हे मोजमाप आपल्या बॅटरीच्या काही व्होल्टवर करतो. तेवढ्या दाबाला न जुमानणारे इन्सुलेशन २३० व्होल्टला मात्र हार मानू शकते. म्हणून मल्टिमीटरने काही किलोओहम दाखवले तर हीटर नक्की गेला असे समजावे, पण त्याने काहीच दाखवले नाही तर हीटर निर्दोष ठरत नाही. त्यासाठी वायरमनकडे मेगर असतो, तो ५०० व्होल्ट देऊन तपासतो. चांगल्या हीटरचा आकडा अनेक मेगओहम येतो. एक मेगओहमच्या खाली आलेला हीटर मी परत बसवणार नाही. मेगर लावण्यापूर्वी हीटरच्या दोन्ही वायरी काढायला विसरू नये, अन्यथा ते ५०० व्होल्ट इलेक्ट्रॉनिक बोर्डात जातील आणि एक दोष शोधताना दुसरा तयार होईल.

मेगर मिळत नसेल तर प्लग काढून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात, त्यांची तोंडे वेगवेगळी इन्सुलेशन टेपने नीट गुंडाळावीत, पत्रा बसवावा आणि तोच गरम पाण्याचा कार्यक्रम पुन्हा लावून पाहावा. पाणी तापणार नाही, काही मशीन थोड्या वेळाने तक्रारीचा कोडही दाखवतील, परंतु आरसीसीबी राहिली तर निकाल लागला.

हीटर बदलताना त्याची रबरी गॅसकेट टबच्या भोकात सपाट बसली आहे ना, आणि हीटरचे आतले टोक टबमधल्या पकडीखाली गेले आहे ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे. ती पकड चुकली तर नळी उचलली जाते आणि फिरणाऱ्या ड्रमला घासते. नवा हीटर पहिल्याच आठवड्यात जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

एक शक्यता मात्र राहते. घरातल्या इतर उपकरणांचीही थोडी थोडी, निरुपद्रवी गळती चालूच असते आणि आरसीसीबी सगळ्यांची बेरीज पाहते. ती बेरीज आधीच मर्यादेजवळ पोहोचलेली असेल तर मशीनमधली किरकोळ गळतीही पुरते. म्हणून एकदा बाकी सगळे प्लग काढून मशीन एकटेच चालवून पाहावे.

वेळेच्या या पद्धतीवर माझा एवढा भरवसा का, तेही सांगतो. माझ्या स्वतःच्या घरातल्या मशीनने मला बरेच महिने चकवले होते. ते फक्त पिळताना, आणि तेही जाड चादरी असतील तेव्हाच, आरसीसीबी पाडत असे. मोटर काढून तपासली, पंप तपासला, सगळे आकडे चोख. अखेर टब हाताने जोरात हलवत आत पाहिले, तेव्हा वायरींचा जुडगा टबच्या सिमेंटच्या वजनाला टेकताना दिसला. एका वायरीवर तिळाएवढे तांबे उघडे पडले होते आणि त्याच्या समोरच्या पत्र्यावर काळा ठिपका उमटला होता. हलके कपडे असताना टब तिथवर पोहोचतच नव्हता. ‘चादरी असतील तेव्हाच’ हे शब्द मी स्वतःच्याच तोंडून ऐकले असते, तर मोटर उतरवण्याचे कष्ट वाचले असते.

प्रश्न २. ओल्या हाताने मशीनच्या पत्र्याला स्पर्श केला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. मशीन मात्र उत्तम चालते आणि स्विचही पडत नाही. रबरी चप्पल घालून वापरले तर चालेल का?

उत्तर. नाही. अर्थिंग तपासून होईपर्यंत मशीन वापरू नका. चप्पल हा उपाय नव्हे. कपडे काढताना दुसरा हात नळाला लागला की चपलेचा काही उपयोग राहत नाही.

झिणझिण्या येतात म्हणजे मशीन बिघडलेच आहे असे मात्र नाही, आणि हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मशीनच्या तोंडाशी विद्युत गोंगाट रोखणारा फिल्टर असतो. त्यात फेज आणि पत्रा यांच्यामध्ये एक, तर न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये एक, असे दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जोडलेले असतात. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर त्यांच्यातून जाणारा अत्यल्प प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थची वायर तुटली असेल, किंवा सॉकेटमध्ये ती मुळातच जोडलेली नसेल, तर पत्रा अधांतरी राहतो आणि दोन समान कपॅसिटरांच्या मध्ये सापडल्यामुळे त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसू लागतात. त्यामागचा प्रवाह बहुधा अर्ध्या मिलिअँपिअरच्या आतबाहेरचा असतो; टेस्टर पेटवायला आणि त्वचेला झिणझिण्या आणायला तो पुरतो, आरसीसीबी पाडायला पुरत नाही.

म्हणजे आज तुम्हाला जे जाणवते ते स्वतः प्राणघातक नसेलही. परंतु त्यातून कळते ते हे, की उद्या हीटर किंवा मोटरची वीज खरोखर पत्र्यावर आली तर तिला जायला तुमच्या शरीराखेरीज वाट नाही. ‘आरसीसीबी आहे, मग भीती कसली’ असे कोणी म्हणाले तर त्यांना एवढेच सांगावे, की अर्थ नसलेल्या मशीनमध्ये आरसीसीबीला गळती दिसते ती कोणीतरी पत्र्याला हात लावल्यानंतर. अर्थ असेल तर ती कोणी हात लावण्याआधीच पडते.

तपासणी दोन टप्प्यांत करावी. पहिला टप्पा तुम्ही स्वतः करू शकता: प्लग काढलेला असताना मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या अर्थ पिनला आणि दुसरे मशीनच्या मागच्या एखाद्या उघड्या स्क्रूला लावावे. रोध एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. स्क्रूवर रंग असेल तर तो खरवडून मोजावे, नाहीतर चांगल्या मशीनलाही दोष लागतो. इथे आकडा नीट आला तर मशीनची बाजू ठीक आहे आणि दोष सॉकेटकडे आहे. दुसरा टप्पा वायरमनचा, कारण तो चालू पुरवठ्यावर आहे. फेज ते अर्थ हे मोजमाप फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यावे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या पुढे सहसा जाऊ नये. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ प्रवाहच घेत नसल्यामुळे गंजलेल्या, तकलादू अर्थवरही तो खुशाल २३० दाखवतो. म्हणून लूप टेस्टरने, म्हणजे अर्थच्या वाटेतून प्रत्यक्ष प्रवाह सोडून तिचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, खरी खात्री करून घ्यावी.

एका प्रकारापासून तुम्हाला सावध करायला हवे. अर्थ सापडत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थच्या पिना एका छोट्या वायरीने जोडून देणारे महाभाग आहेत. झिणझिण्या लगेच थांबतात आणि काम झाले असे वाटते. पुढे कधी त्या सॉकेटपर्यंत येणारा न्यूट्रल तुटला, तर मशीनच्या आतून फेज त्या जोडणीमार्गे थेट पत्र्यावर येतो आणि पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. हे केलेले आढळले तर त्या दिवशीच काढून टाकावे. अर्थची वायर नळाच्या पाइपला गुंडाळणे हीदेखील तशीच खोटी सोय आहे. पाइप मध्ये कुठे प्लॅस्टिकचा असेल तर ती जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

प्रश्न ३. आमचे दोन टबांचे अर्धस्वयंचलित मशीन धुण्याच्या बाजूला नुसते घूं असा आवाज करते, फिरत नाही. आतली चकती हाताने ढकलली की फिरू लागते. मोटर बदलावी लागेल का?

उत्तर. हाताने ढकलल्यावर फिरते, यातच उत्तर आहे. बहुधा कपॅसिटर गेला आहे, ज्याला मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात. या मोटरमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एकीला वीज थेट मिळते, दुसरीला कपॅसिटरमधून वेळेचा किंचित फरक पडून मिळते, आणि त्या फरकामुळेच फिरण्याला दिशा मिळते. कपॅसिटर कमकुवत झाला की मोटर जोर करते, पण कोणत्या बाजूला वळायचे हे तिला कळत नाही. हाताचा धक्का ती दिशा पुरवतो. ढकलून ढकलून मशीन चालवू मात्र नये. अडकलेल्या अवस्थेत गुंडाळी झपाट्याने तापते आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर खरोखरच मोटर बदलण्यात होते.

कपॅसिटर काढण्यापूर्वी तो रिकामा करावा. प्लग काढल्यावरही त्यात भार राहू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याऐवजी त्याची दोन टोके काही किलोओहमच्या रोधाने किंवा जुन्या तंतूच्या दिव्याच्या होल्डरमधून क्षणभर जोडावीत. नंतर मल्टिमीटरच्या कपॅसिटरच्या खुणेवर मोजावे. अंगावर १० मायक्रोफॅरड लिहिले असून आकडा सहा-सात येत असेल तर तो टाकावा, फुगला असेल तर मोजायचीही गरज नाही. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो.

कपॅसिटर चांगला निघाला तर गुंडाळ्या मोजाव्यात. धुण्याची मोटर दोन्ही दिशांना फिरायची असल्यामुळे तिच्या दोन्ही गुंडाळ्या सारख्या असतात. सामाईक वायरीपासून दोघींचा रोध जवळजवळ समान यायला हवा आणि उरलेल्या दोन टोकांमधला त्यांच्या बेरजेइतका. पिळण्याच्या मोटरला हा नियम लावू नये, ती एकाच दिशेने फिरते आणि तिच्या गुंडाळ्यांचे आकडे बहुधा वेगळे असतात. आणि हे सर्व करण्यापूर्वी पट्टा काढून चकती हाताने मोकळी फिरते ना तेही पाहा. चकतीखाली अडकलेला मोजा हा विजेचा दोष नव्हे.

प्रश्न ४. गरम पाण्याचे धुणे झाल्यावर प्लग हात लावता येणार नाही इतका तापतो. एक पिन काळसर झाली आहे. मशीन जास्त वीज घेत आहे का?

उत्तर. मशीन नेहमीएवढीच वीज घेत आहे; पिन आणि सॉकेट यांची पकड सैल झाली आहे. त्या जागी अर्धा ओहमएवढा रोध तयार झाला, तर ९ अँपिअर प्रवाहाला तिथे सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते (प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध). एका पिनेच्या टोकावर ४० वॅट म्हणजे छोटा सोल्डरिंग आयर्नच झाला. तापल्याने सॉकेटची पितळी पट्टी आणखी सैल होते, आणि हे चक्र थांबत नाही. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. नुसता प्लग बदलला तर जुन्या सॉकेटची जळकी पट्टी नव्या पिनेलाही जाळते. सॉकेट १६ अँपिअरचे असावे, त्यामागची वायर त्याला साजेशी जाड असावी, आणि मध्ये एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. काळी पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

प्रश्न ५. मशीनचे दिवे लागतात, दार लॉक होते, पाणीही येते, पण ड्रम फिरत नाही आणि थोड्या वेळाने बिघाडाचा कोड येतो. मेकॅनिकने पाच मिनिटांत बोर्ड गेल्याचे सांगितले. बोर्डाची किंमत ऐकून नवे मशीनच घ्यावे असे वाटू लागले आहे. खात्री कशी करावी?

उत्तर. मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: आपण काय मोजले आणि किती आले? आकडा सांगता आला तर पुढे बोलू. बोर्ड हा मशीनमधल्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे, म्हणून संशय त्याच्यावर सर्वांत शेवटी यायला हवा. प्रत्यक्षात बोर्ड बदलला की मशीन चालू लागते का ते पाहणे हीच अनेकांची तपासणीची पद्धत होऊन बसली आहे.

मोटर कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे. जुन्या पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये पट्ट्यावर चालणारी, कार्बन ब्रशची मोटर असते. ब्रश म्हणजे स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे दोन ठोकळे. ते मोटरच्या फिरत्या तांब्याला टेकून वीज पोहोचवतात आणि रोजच्या वापराने झिजत जातात. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे, म्हणजे बाकी सर्व ठीक पण ड्रम गप्प, ब्रश संपल्यावर हमखास दिसतात. गेल्या काही आठवड्यांत पिळताना जळका वास आला होता का, मशीन कधी फिरे कधी न फिरे असे झाले होते का, हे आठवून पाहा. ब्रश काढून कार्बनची लांबी एक सेंटीमीटरच्या आत आली असेल तर दोन्ही एकदम बदलावेत, आणि मोटरमध्ये साचलेली काळी भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी. ती भुकटी वीजवाहक असते आणि पहिल्या प्रश्नातल्या गळतीचे एक कारण तीच असते. नव्या ब्रशने सुरुवातीला थोड्या ठिणग्या पडतात, ते घाबरण्यासारखे नाही.

इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये ब्रश नसतात. तिथे मोटरला जाणाऱ्या तीन वायरींपैकी दोन-दोन धरून तीन वेळा रोध मोजावा. तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. हे माप मोटरचा कनेक्टर बोर्डापासून सोडवून घ्यायचे आहे. या मशीनच्या ड्राइव्ह बोर्डावरच्या कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी साठवलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही. काही मिनिटे थांबून, मोजून, मगच तिथे बोट न्यावे. ही सवय नसलेल्याने तो डबा उघडूच नये.

मोटर ठीक निघाली तर कनेक्टर. प्रत्येक कनेक्टर एकदा काढून परत घट्ट बसवावा आणि आतली एखादी पिन हिरवी पडली आहे का, मागे सरकली आहे का ते पाहावे. माझ्या समजुतीने ‘बोर्ड बदलल्यावर मशीन सुरू झाले’ अशा कहाण्यांपैकी काहींत काम बोर्डाने केलेले नसून कनेक्टर हलवल्याने झालेले असते. मोटरचा वेग कळवणारी टॅको नावाची छोटी गुंडाळीही तपासावी. तिची वायर तुटली की मोटर क्षणभर उसळते आणि बोर्ड तिला लगेच थांबवतो.

एवढे सगळे नीट आले तरच बोर्ड बाहेर काढावा, आणि तो भिंगाखाली पाहावा. रिलेच्या (बोर्डावरच्या विजेने चालणाऱ्या स्विचच्या) पायांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल भेग दिसते का, एखादी पट्टी जळून तुटली आहे का, ओलाव्याने किंवा झुरळांनी केलेला पांढरट डाग आहे का. गोल भेग असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस ती ताज्या सोल्डरने भरून देतो आणि बोर्ड बदलावा लागत नाही. दाराचे लॉक आणि पाण्याचा व्हॉल्व्ह तुमच्या मशीनमध्ये आजही काम करत आहेत, म्हणजे त्या बोर्डाचा बराचसा भाग जिवंत आहे. मेकॅनिकला परत बोलवाल तेव्हा त्याने आधी ब्रश काढून तुमच्या तळहातावर ठेवावेत, एवढे त्याला सांगा.